पातं खाली, चावी खिशात

उधाणाचं पाणी तुमच्या गल्लीतून ओसरल्यावर मागे उरलेला गाळ कोण काढतं, हे तुम्ही कधी विचारलंय?

पाण्याबद्दल नाही विचारत मी. पाणी आलं की सगळे गॅलरीत येतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. मी विचारतेय त्यानंतरच्या सकाळबद्दल. पाणी खाडीत परत गेलेलं असतं आणि रस्त्यावर चार बोटं जाडीचा, काळा, साबणासारखा निसरडा थर पसरलेला असतो. त्यावरून शाळेची मुलं घसरतात, दूधवाला सायकलसकट आडवा होतो, रिक्षावाला नाक्यावरूनच हात हलवून परत जातो. खाडीकाठच्या मुर्धा गावात राहायला जाईपर्यंत मला वाटायचं, हा गाळ आपोआप जातो. तो आपोआप जात नाही! आमच्या आळीत तो एक माणूस काढायचा, जुन्या जीपच्या नाकावर लोखंडी पातं बसवून.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. नावानं त्यांना हाक मारणारं एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण. बाकी सगळा गाव त्यांना बरफवाले काका म्हणायचा. त्यामुळे गावात नवीन आलेली एखादी मासळीवाली टोपली घेऊन दारात उभी राहायची आणि दोन किलो बर्फ मागायची. काका तिला पाटावर बसवून शांतपणे सांगायचे, "बाय, मी बरफ इकत न्हाय. मी बरफ काढायचो."

खरंच काढायचे. घराणं मिठागरावर राबणारं. पण हा मुलगा तरुणपणी वर, उत्तरेतल्या बर्फाळ डोंगरांतल्या रस्त्यांच्या कामावर भरती झाला आणि तीस हिवाळे बर्फ सारायची गाडी चालवून निवृत्त झाला. समुद्रसपाटीवर जन्मलेला, मिठाच्या ढिगांत खेळलेला माणूस, आणि सगळं आयुष्य खिंडीत! परत आले तेव्हा मिठागरांच्या जागी भराव पडत होता, भरावाच्या जागी टॉवर उभे राहत होते, आणि अडलेलं खाडीचं पाणी पावसाळ्यातल्या प्रत्येक मोठ्या भरतीला आळीत शिरून गाळ टाकून जात होतं.

आम्ही परळची खोली सोडून त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो. आई, बाबा आणि मी. खाली काका आणि त्यांची ती थोरली बहीण, आक्का. बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. अक्षरं मी त्या पत्रकांवरच गिरवली, त्यामुळे काही चुकीचं दिसलं की माझा हात आधी कागदाकडे जातो. काकांचा हात आधी पान्याकडे जायचा. पहिल्याच आठवड्यात मी गाळाविषयी एक जळजळीत पत्रक लिहून त्यांना वाचायला दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "झकास लिवलंय. आता बूट घाल नि खाली ये."

गाडी कशी जन्माला आली ते आधी सांगते, कारण सगळं त्यावर उभं आहे. आक्कांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी डाव्या हाताची शीर शस्त्रक्रिया करून फुगवलेली. त्या हातावर ओझं नाही, बांगडी नाही, रक्तदाबाचा पट्टासुद्धा नाही. तो हात म्हणजे आक्कांचा जीव. एका पावसाळ्यात गाळामुळे रिक्षा आळीत आली नाही, आक्कांचा एक दिवस चुकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजले, श्वास लागला. त्या वेळी त्या वाचल्या. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच दुपारी काका भंगाराच्या वखारीत गेले आणि पाण्याच्या फुटक्या टँकरचा पत्रा घेऊन आले. टँकरचा पत्रा मुळातच वळलेला, म्हणजे गाळ पुढे नुसता साचत नाही, गुंडाळत पुढे सरकतो. एका जुन्या टेम्पोचा हायड्रॉलिक जॅक लावला, होज पाइपातून त्याला तेल पुरवणारा, बॅटरीवर चालणारा छोटा पंप बसवला, पात्याच्या खालच्या कडेला जाड रबराची पट्टी ठोकली, मागे दोन जाड स्प्रिंगा. जीपच्या मागच्या बाजूला रेतीच्या चार गोणी, नाहीतर पात्याच्या वजनानं गाडी नाकावर येते. गावानं तिचं नाव ठेवलं फावडागाडी.

आणि ही गाडी गावकीच्या आळीबाहेर एक चाकसुद्धा टाकायची नाही. आळी दोनशे पावलांची. कुणी म्हणालं, काका, जरा मोठा रस्ता पण मारा की, तर म्हणायचे, "मोठा रस्ता सरकारचा. तिथं सरकारची गाडी येईल. न्हाय आली तं ही पोरगी कागद लिवंल." त्यांनी माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं काम, आणि मी ते हौसेनं केलं.

त्यांच्या सवयी गावाला वेडगळ वाटायच्या. उन्हाळा संपत आला, आभाळ अजून कोरडं, आणि हा माणूस खांद्यावर बांबूचा भारा घेऊन आळीतून निघालेला. प्रत्येक गटाराच्या झाकणापाशी, नळाच्या वर आलेल्या पाइपापाशी, गतिरोधकाच्या दोन्ही टोकांना एकेक काठी आणि काठीला लाल चिंधी. "वर बरफ पडायच्या आधी रस्ता पाठ करायला लागतो," ते सांगायचे. "पडल्यावर सगळं सारखंच पांढरं. हितं सगळं सारखंच काळं." लहान मुलं त्या काठ्या उपटून क्रिकेटचे स्टंप करायची. काका ओरडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी नव्या काठ्या.

गाळ पडला की काम सुरू करण्याआधी ते आळी चालत जायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, हातात काठी टोचत. "आधी पायानं, मग चाकानं." कुणाची चप्पल अडकलीय, कुठे दगड वाहून आलाय, कुठलं झाकण उचकटलंय. मग गाडीभोवती फेरी. ही फेरी म्हणजे आळीची करमणूक होती, कारण ते प्रत्येक भागाचं नाव मोठ्यानं घ्यायचे, जणू हजेरीच.

"पिना दोन, हायेत. स्प्रिंगा दोन, हायेत. होज पाइप, कोरडा हाय. तेल, हाय. साखळी, हाय. आरसे दोन, पुसलेले हायेत."

आक्का ओट्यावरून म्हणायच्या, "अरे, एवढ्या येळा देवाचं नाव घेतलं असतंस तं आज माझी किडनी परत आली असती."

"देवाची पिन पडत न्हाय, आक्के. हिची पडते."

गाडी चालवायचे तेही चालण्याच्या वेगानं. पहिला गिअर, त्यापुढे कधीच नाही. गाळ ओला आहे तोवर काढायचा, थोडा थोडा काढायचा, ढीग पात्याच्या वर गेला की थांबायचं. ढिगाला जाऊन धडकायचं नाही. आणि सगळा गाळ आळीच्या टोकाला, जुन्या मिठागराच्या बांधाकडेच न्यायचा. एकदा कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्याच्या मालकानं खिडकीतून सांगितलं, "काका, इधर सामने डाल दो ना, झोपडे के साइड में. कौन देखता है?" काकांनी गाडी बंद केली, खाली उतरले, खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "वो देखता है जिसके दरवाजे में पडता है." मग परत चढून तोच गाळ पूर्ण दीडशे पावलं ढकलत बांधाकडे नेला. मी टाळ्या वाजवल्या! त्यांनी मला हातानंच गप्प केलं, कारण गाडी चालू असताना कुणी आवाज केलेला त्यांना चालायचा नाही.

काम झालं की पातं जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद, चावी खिशात, आणि मगच चहा. हा क्रम मी शंभरदा पाहिला असेल. चहा गार झाला तरी क्रम मोडला नाही. मग धुणं. खारा गाळ लोखंड खातो, हे मिठागरवाल्यांच्या पोराला कोणी शिकवायला नको होतं. पण ते धुवायचे नळाच्या गोड्या पाण्यानं, आणि नळ यायचा तासभर. आक्कांचं पिंप अर्धं राहायचं.

"माणसाला प्यायला न्हाय नि गाडीला आंघोळ!"

"तुज्या रिक्षासाठीच हाय ती गाडी."

यावर आक्का उठायच्या. तांब्यानं स्वतःच पात्यावर पाणी ओतायच्या, अर्थात उजव्या हातानं. त्यानंतर सांध्यांना ग्रीस, पात्याला जुन्या इंजिन तेलाचा हात.

काकांच्या पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांनी दुसरा ड्रायव्हर शोधायचं ठरवलं, आणि आळीत परीक्षाच झाली. चार जण उमेदवार. तीन तरुण पुरुष आणि नीताताई. नीताताई शाळेची व्हॅन चालवायची. नवऱ्याच्या आजारपणात स्टिअरिंग हातात घेतलं होतं, मग सोडलंच नाही. काकांनी प्रत्येकाला एकच काम दिलं, पाव आळी साफ करा. पहिला जिममध्ये जाणारा, दंडावर वाघ गोंदवलेला. त्यानं सरळ दुसरा गिअर टाकला. गाळाखालचा गतिरोधक पात्याला लागला आणि धाड! पण पातं मोडलं नाही. स्प्रिंगांनी ते मान खाली घातल्यासारखं पुढे झुकवलं, अडथळ्यावरून जाऊ दिलं आणि परत सरळ केलं. वाघाचं कपाळ मात्र स्टिअरिंगवर आपटलं.

"पात्याला स्प्रिंग हाय," काका त्याला म्हणाले, "तुला न्हाय. उतर."

दुसरे दोघे सांभाळून चालवत होते. तरी काकांनी मान हलवली. नीताताईची पाळी आली तेव्हा ती गाडीत बसण्याआधी मागे जाऊन आली, गाडीखाली वाकून पाहिलं, मग आरसे स्वतःच्या उंचीला लावले. मागे घेताना थांबली, हॉर्न दिला, पुन्हा पाहिलं. काका मोठ्यानं हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"हीच."

"ओ काका, बाईमाणूस गाळ काढणार?" जिमवाला कपाळ चोळत म्हणाला.

"तुमी तिघं फुडं बघून चालवता. फुडचा गाळ कुठं पळून जात न्हाय. मरतो तो मागचा मानूस. ही रोज पंधरा पोरं उतरवते, हिला मागं बघायची सवय हाय."

पुढे कित्येक उधाणं नीताताईनं आळी साफ केली. काका बाजूला चालत जायचे, हात वर करून, खाली करून खुणा देत. तो हात दिसेनासा झाला तर गाडी जागच्या जागी थांबवायची, हा त्यांचा करार.

आता माझ्याबद्दल सांगते. ते टाळता येणार नाही.

दसऱ्याचा दिवस. गावात गाड्यांची, हत्यारांची पूजा जोरात. काकांकडे खंडेनवमीलाच पाने, ग्रीसची पिचकारी, हातोडी सगळं धुऊन देव्हाऱ्यासमोर मांडलेलं. दसरा होईपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही, हा घरातला रिवाज, वडिलांपासूनचा. आणि त्या ताटात, हळदकुंकू लावून, फुलांखाली ठेवलेली जीपची चावी. एरवी ती चावी काकांच्या खिशातून बाहेर यायची ती गाडी चालू करायलाच. वर्षातून एक दिवस ती ताटात असायची, कुणाच्याही हाताला येईल अशी.

अंगणात जीप धुऊन उभी होती, पातं जमिनीवर. पातं उचलायच्या दांड्याला एक लाल फडकं बांधलेलं. मला वाटलं, काठ्यांच्या चिंध्यांतलं उरलेलं असेल. मी ते सोडलं आणि तिथे झेंडूची माळ बांधली. मला एक फोटो हवा होता. नव्या पत्रकासाठी, 'आमची आळी, आमचं फावडं' असं काहीतरी. पातं खाली असलं की गाडी झोपल्यासारखी दिसते; वर असलं की कशी गर्जना केल्यासारखी! मी ताटातून चावी घेतली, फिरवली, दांडा ओढला. मी त्यांना तो शंभरदा ओढताना पाहिलं होतं ना! पातं कमरेइतकं वर आलं. वर आलं की साखळी अडकवायची, हेही मी शंभरदा पाहिलं होतं. नाही अडकवली. फोटोत साखळी चांगली दिसली नसती.

आक्का रांगोळीचा डबा घेऊन आल्या. सगळं अंगण ओलं. कोरडी जागा एकच, पात्याखालची, इतका वेळ झाकलेली. त्या तिथेच बसल्या, पात्याखाली, डावा हात जमिनीवर टेकून. मी मोबाइलमध्ये बघत होते. किती सुंदर चौकट होती ती, अजून आठवतं.

काका आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आले.

त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. तो आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

"आक्के! ऊठ!"

आक्का दचकून वर बघायला लागल्या. काका अंगणात उडी टाकून आले, उजव्या काखेत हात घालून त्यांना मागे ओढलं, दोघंही ओल्या फरशीवर पडले. एक श्वास गेला असेल. फट् करून होज पाइप सुटला, तेलाची पिचकारी जीपच्या काचेवर उडाली आणि पातं खाली आलं. पितळेची हळदकुंकवाची कोयरी रांगोळीजवळ होती. नंतर ती फरशीपासून सोडवायला आम्हाला कालथा लागला.

आक्का आपला डावा हात छातीशी धरून बसल्या होत्या. "हाय," त्या म्हणाल्या. "हाय रे. हाय जागेवर."

काकांनी माझ्याकडे हात पसरला. "चावी."

मी दिली. खिसा नव्हता, टॉवेलच होता. म्हणून ती त्यांनी मुठीत आवळली.

"लाल फडकं कुणी सोडलं?"

"मी."

"होज पाझरत व्हता. परवा बगितला. म्हनून बांदलं व्हतं, पातं उचलू नका म्हनून."

"मला माहीत नव्हतं काका. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं."

मी हे स्वतःच्या बचावासाठी म्हटलं, आणि म्हणताच मला त्याची लाज वाटली. पण काका विचारात पडले. त्यांनी वाकून तो सुटलेला पाइप तपासला.

"खरं हाय," ते म्हणाले. "दोन चुका माज्या. एक, लिवलं न्हाय. दुसरी, परवाच काढायला पायजे व्हता. हत्यारं पूजेला ठेवली नि म्हटलं, सण जाऊंदे. तीस वर्सं सण बगितला न्हाय, नि हितं आक्काच्या डोक्यावर सण बगत बसलो." मग माझ्याकडे वळून, "तू कागद लिवतेस ना? लिव. पन माज्यासारखा मानूस वाचंल असा. तुज्या बापासारखं 'खबरदार' नि 'हल्लाबोल' नको."

मी पुठ्ठ्यावर लिहिलं: होज गळतोय. पातं उचलू नका. खाली हात घालू नका. नऊ शब्द. आजवर मी लिहिलेलं सगळ्यात उपयोगी पत्रक तेच.

दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागिरी, आणि पौर्णिमेची भरती. त्यात परतीचा पाऊस आला. पाच दिवसांत काकांनी नवा होज बनवून आणला, वाकलेली पिन बदलली, सगळं जोडलं. पौर्णिमेच्या सकाळी आळीत वीतभर गाळ होता, त्या वर्षीचा सगळ्यात जास्त. आणि आक्कांचा डायलिसिसचा दिवस. नऊला पोचायचं होतं. नीताताई बूट घालून तयार, लोक ओट्यांवर चहाचे कप घेऊन उभे. आता फावडागाडी निघणार!

काकांची फेरी सुरू झाली. पिना, हायेत. स्प्रिंगा, हायेत. होज, कोरडा हाय. मग त्यांनी छोटी हातोडी काढली आणि पातं गाडीला धरून ठेवणाऱ्या दोन्ही लोखंडी दांड्यांवर वाजवत गेले. टण. टण. टण. टक.

ते थांबले. तिथे रॉकेलचा बोळा फिरवला, दांडा कोरडा पुसला, वर शाळेचा पांढरा खडू घासला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पांढऱ्यावर हळूहळू, केसाइतकी बारीक, काळी रेघ उमटली. तडा. दसऱ्याला पातं पडलं तेव्हाचा. आत मुरलेलं रॉकेल खडूनं बाहेर ओढून तो दाखवला होता.

"गाडी बंद," काका म्हणाले.

क्षणभर कुणाला कळलंच नाही.

"काका, दहा मिनिटांचं काम आहे," नीताताई म्हणाली. "मी एकदम हळू घेते."

"अरे काका, चल जायेगा ना एक दिन," कोपऱ्यावरचे दुकानदार जिग्नेशभाई. "बेन को ले जाना है."

"काका, केसाएवढी तर आहे," जिमवाला.

"वर एकदा चालवली व्हती मी," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खाली. "दहा मिनटांसाठी. ज्यानं मला दहा मिनटं म्हटलं तो पात्याच्या फुडं खुणा करायला उभा व्हता. दांडा सुटला. त्याची बायको मला अजून भाऊ म्हणते."

मी आक्कांकडे बघत होते. त्या ओट्यावर, पिशवी मांडीवर, निघायच्या तयारीत बसल्या होत्या. गाडी थांबली तर नुकसान त्यांचंच. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "मग उभा काय हायस? फावडं घे."

काकांनी पाठ दुखत असताना पहिलं फावडं मारलं. दुसरं मी मारलं. तो तडा माझा होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यापेक्षा कुणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं. जिग्नेशभाईंनी पँट दुमडली. माळ्यांवरून मिठागरातल्या लांब दांड्याच्या लाकडी फळ्या खाली आल्या, मीठ ओढायच्या. म्हाताऱ्यांना त्या कशा ओढायच्या ते हातांनाच आठवत होतं. सगळे आले असं मी म्हणणार नाही. अकरा जण आलो. बाकीच्यांनी व्हिडिओ काढले, बंगल्याची खिडकी उघडलीच नाही.

अर्ध्या तासात चाळीस पावलं झाली. दोनशेपैकी चाळीस! मी फावडं टाकून रडायच्या बेतात होते. तेव्हा नीताताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आपण सगळा रस्ता का काढतोय?"

"मग?" मी विचारलं.

"रिक्षाला तीन चाकं. मधलं पण लागतं. माझ्या व्हॅनला दोनच पट्टे पुरेत. मधला गाळ राहू दे, व्हॅन उंच आहे. दोन पट्टे काढा, हातभर रुंद. मी त्यातूनच काढते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग काठीनं गाळात दोन समांतर रेघा ओढत आळीच्या टोकापर्यंत चालत गेले, व्हॅनच्या चाकांमधलं अंतर पावलांनी मोजत. आम्ही त्या रेघांवर तुटून पडलो. काय वेग आला हो! जिमवाल्याचा वाघ काळा झाला. म्हाताऱ्यांच्या फळ्या पुढे, आमची फावडी मागे, कुणीतरी "हय्या" म्हणायला लागलं आणि अकरा जणांचे हात एका तालात पडायला लागले. आक्का ओट्यावरून सूचना देत होत्या. "डाव्या बाजूला जास्ती काढ, ए पत्रकवाली! तिथं झाकण हाय, काठी दिसत न्हाय का?" दिसली. लाल चिंधीची काठी. तिथे फावडं जपून मारलं.

साडेआठला व्हॅन दोन पट्ट्यांतून निघाली. नीताताईनं आरसे पाहिले, हॉर्न दिला, पहिला गिअर. आक्का पुढच्या सीटवर, डावा हात मांडीवर, वर रुमाल. काका व्हॅनच्या पुढे आठ-दहा पावलं, एका बाजूनं, जमिनीकडे बघत, हात उंच धरून चालत होते. पूर्ण दोनशे पावलं. मोठा रस्ता आला तेव्हा त्यांनी हात खाली केला, बाजूला झाले, आणि व्हॅन वळली. आक्कांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "पाठ कशी हाय?"

"हाय जागेवर," काका म्हणाले, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, चिखलात, मटकन बसले.

आक्का नऊ वाजून दहा मिनिटांनी मशीनवर होत्या. दांड्याला वेल्डिंग करून वर पट्टी मारल्यावर, पुन्हा खडू घासून, पुन्हा हातोडी वाजवून, आठ दिवसांनी फावडागाडी आळीत उतरली. नंतर आम्ही शांती नगरला राहायला आलो. गाडी अजून चालते, नीताताई चालवते.

आता वाचकहो, एक काम करा, आणि या दसऱ्याआधी करा. तुमच्या आजूबाजूला जे जे लोखंड वर उचललं जातं, साइटवरच्या जेसीबीची बादली, डंपरचा हौदा, गॅरेजमधली जॅकवरची गाडी, टेम्पोचं मागचं फळकूट, त्या प्रत्येकाच्या मालकाकडे, चालकाकडे जा. स्वतः जा, मेसेज पाठवू नका. त्याला सांगा: पूजेच्या दिवशी आधी ते खाली टेकव. खाली येत नसेल तर त्याखाली भक्कम आधार लाव. इंजिन बंद कर. चावी ताटात ठेवूच नकोस. ताटात सुपारी ठेव, देव समजून घेईल. काही गळत असेल, तडा असेल, तर हत्यारं पूजेला मांडायच्या आधी दुरुस्त कर, आणि नाही जमलं तर वाचता येईल अशा अक्षरांत लिहून अडकव. मगच रांगोळी काढायला बायकांना बोलाव. तो हसेल. हसू द्या. तो खाली टेकवेपर्यंत तिथून हलू नका.